पोटाला आधार ठेवून वजन उतरवायचे तर : गोव्याच्या ताटापासून सुरुवात

वजन उतरवायचे ठरवले की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड शितावर, म्हणजे भातावर पडते. मग नारळ बंद, मग रात्रीचे जेवण बंद. माणूस आठवडाभर नेटाने काढतो आणि एके दिवशी संध्याकाळी कॅफेत बसून दोन पाव, भाजी आणि वर मिरची भजी खाऊन घरी येतो. दुसऱ्या दिवसापासून सगळे पूर्ववत.

मी स्वतः हे केले आहे. गुडघा दुखायला लागला तेव्हा डॉक्टरांनी आठ किलो उतरवायला सांगितले. कुणीतरी दिलेल्या तक्त्याप्रमाणे मी दुपारी एक चपाती आणि रात्री काकडी-ताक असे अकरा दिवस काढले. बाराव्या दिवशी पणजीहून फोंड्याची बस पकडताना हात थरथरत होते, डोके ठणकत होते. त्या दिवशी मी जे हाताला लागले ते खाल्ले. पुष्कळ दिवस मला वाटत राहिले की माझा निश्चयच कच्चा. तसे नव्हते. ताटात पोटाला आधारच नव्हता आणि भुकेशी रोज भांडून कुणी जिंकत नाही.

वजन उतरायला शरीराच्या खर्चापेक्षा थोडे कमी खावे लागते, हे खरेच आहे. पण त्यासाठी ताट रिकामे करायची गरज नसते. कमी उष्मांकांत पोट भरेल आणि भरलेले राहील असे अन्न निवडता येते. आपल्या गोव्याच्या स्वयंपाकघरात ते आधीपासून आहे. पेज आहे, आळसांदे म्हणजे चवळी आहे, बांगडा आहे, तांबडी भाजी म्हणजे लाल माठ आहे. बदलायचे आहे ते त्यांचे प्रमाण आणि वाढण्याचा क्रम.

सुरुवातीआधी एक कळकळीची सूचना. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना न विचारता शीत कमी करू नका. औषध तेवढेच आणि शीत निम्मे झाले तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिने किती घ्यायची हे डॉक्टरच सांगतील. गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांच्यासाठी हा काळ वजन उतरवण्याचा नव्हे. आणि ज्यांचे वजन प्रयत्न न करताच उतरते आहे, त्यांनी लेख बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

पहिली पायरी : चार दिवस फक्त वही

पहिले चार दिवस खाण्यात काहीच बदलू नका. एक छोटी वही घ्या आणि दोनच गोष्टी लिहा. दुपारी काय जेवलो, आणि त्यानंतर खरी भूक किती वाजता लागली. खरी भूक म्हणजे पोटात खड्डा पडल्यासारखे वाटते ती. समोर खाजे दिसले म्हणून तोंडाला सुटलेले पाणी यात धरायचे नाही.

माझ्या वहीतल्या दोन नोंदी सांगते. सोमवारी शीत, वरण, पापड, लोणचे. भूक साडेतीनला. बुधवारी थोडे कमी शीत, आळसांद्याचे तोंडाक (नारळाच्या वाटणातली उसळ), वाटीभर तांबडी भाजी आणि तव्यावर भाजलेला एक बांगडा. भूक सहाला. दोन्ही दिवशी एक वाजता जेवले होते आणि उठताना पोट सारखेच भरलेले वाटत होते. अडीच तासांचा फरक ताटातल्या जिनसांनी पाडला होता.

चार वाजताची भूक एक वाजताच्या ताटाची परीक्षा घेते. वजनकाट्यावर काही दिसायला आठवडे लागतात, वहीत चौथ्या दिवशीच दिसते. म्हणून नवख्या माणसाने काट्यापेक्षा वही आधी घ्यावी असे माझे मत आहे.

पोट भरल्याचे कळते कसे

जठर ताणले गेले की तिथल्या मज्जातंतूंवाटे मेंदूला निरोप जातो. हे काम आकारमान करते, म्हणजे पाणी आणि चोथा (अन्नातला तंतुमय भाग). पुढे अन्न आतड्यात उतरले की प्रथिने, चोथा आणि स्निग्ध पदार्थ यांच्या स्पर्शाने काही संप्रेरके सुटतात आणि तीही ‘पुरे’ असे सांगतात. हे सगळे घडायला साधारण वीस मिनिटे लागतात. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला तो निरोप हात धुतल्यावर मिळतो.

१९९५ साली सिडनी विद्यापीठात सुझाना होल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले. प्रत्येक पदार्थ २४० उष्मांकांएवढा खायला दिला आणि दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोट किती भरलेले वाटते ते विचारले. पांढऱ्या ब्रेडला १०० गुण धरले. सगळ्यांत वर आला उकडलेला बटाटा, ३२३ गुण. मासे २२५. लोण्याचा क्रॉसाँ सगळ्यांत खाली, ४७. प्रयोग लहान होता, एकेका पदार्थाला अकरा ते तेरा माणसेच होती. पण त्यातून दिसलेली दिशा घरातल्या अनुभवाशी जुळते. ज्यात पाणी, चोथा आणि प्रथिने जास्त ते पोट भरते. ज्यात मैदा, तूप-तेल आणि साखर एकवटलेली ते पोटात जागाच घेत नाही. बटाट्याला वजन वाढवणारा म्हणून जो दोष लागतो, तो बहुतेक वेळा तळण्याच्या तेलाचा असतो.

दुपारचे ताट

सगळ्यांत मोठा फरक इथे पडतो, म्हणून इथे थोडे रेंगाळू या.

आपल्यात शिताचा ढीग आधी वाढला जातो, मग त्यावर हुमण, म्हणजे नारळाची माशाची आमटी, आणि कडेला चमचाभर भाजी. हा क्रम उलटा करा. आधी ताटाचा अर्धा भाग भाजीने भरा. तांबडी भाजी, दोडकी, भेंडी, तेंडली, दुधी, वाल, पावसात तायखिळा (टाकळा) किंवा अळू, जे मिळेल ते. मग नुस्ते, म्हणजे मासे, किंवा कडधान्य. शीत शेवटी, उरलेल्या जागेत. खातानाही आधी चार-पाच घास भाजीचे आणि नुस्त्याचे खा, मग शिताला हात लावा. तसे केल्याने जेवणानंतरची रक्तातली साखरही कमी उसळते.

आता आकडे पाहू. शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण १३० उष्मांक असतात. आपली मध्यम वाटी दाबून भरली की १५० ग्रॅम होते. म्हणजे तीन वाट्या शीत जवळजवळ ५८५ उष्मांकांचे, आणि त्यात प्रथिने असतात जेमतेम बारा ग्रॅम. आता शीत दीड वाटी घ्या आणि वाटीभर शिजलेले आळसांदे घ्या. दोन्ही मिळून ४९० च्या आसपास उष्मांक होतात, पण प्रथिने अठरा-एकोणीस ग्रॅमपर्यंत जातात, आणि नुसत्या आळसांद्यांतून अकरा ग्रॅम चोथा मिळतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाला दिवसाला किमान २५ ग्रॅम चोथा सांगितला आहे. त्यातला निम्म्याला टेकणारा भाग एका वाटीत आला.

आळसांदे म्हणजे चवळीच, पण आपली गोव्याची दाणेदार. रात्री भरपूर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते पाणी ओतून टाका आणि नव्या पाण्यात शिजवा, गॅसचा त्रास कमी होतो. कडधान्यांची सवय नसेल तर पहिला आठवडा अर्धीच वाटी घ्या आणि दिवसभर पाणी नीट प्या. एकदम चोथा वाढवला की पोट फुगते, आणि माणूस म्हणतो, मला हे सोसत नाही. सोसते, आतड्याला दोन आठवडे द्यावे लागतात.

तांदूळ उकडेच ठेवा. उकडताना कोंड्यातली ‘ब’ जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात, आणि दाणा जाड असल्याने घासही चावून खावा लागतो. खाजन जमिनीतला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतातला कोरगूट तांदूळ मिळाला तर फारच छान. पण उकडे म्हणून चार वाट्या चालतील असा समज मात्र नको, उष्मांक साध्या भाताइतकेच असतात.

नुस्त्याबाबत आपण नशीबवान आहोत. शंभर ग्रॅम माशाच्या मांसात वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात. बांगडा आणि तारले तर स्वस्तही पडतात आणि त्यांची चरबी हृदयाला चांगली. तिसऱ्या आणि शिनाणे (शिंपल्यातले जीव), सुंगटे (कोळंबी) यांत चरबी अगदी थोडी. अडचण रव्याची आहे. रवा लावून तळलेला तुकडा तेल पिऊन येतो. त्याऐवजी बांगड्याला दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्या, हळद-मीठ आणि रेशाद हा लाल मिरचीचा आंबट-तिखट मसाला आत चोळा आणि पंधरा मिनिटे ठेवा. तव्यावर केळीचे पान अंथरून त्याला बोटाने तेल पुसा. मासा ठेवून वर झाकण घाला, मंद आचेवर एका बाजूला पाच मिनिटे, दुसऱ्या बाजूला चार. बांगड्याचे स्वतःचे तेल सुटते आणि तो त्यातच भाजला जातो. पान काळे पडून कडा चुरचुरायला लागल्या की झाला. आमच्या घरी आता रव्याचा बांगडा कुणी मागत नाही.

आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या बाईला पन्नास ग्रॅम. वजन उतरवताना याहून थोडी जास्तच बरी, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. ही पन्नास ग्रॅम एकट्या दुपारच्या ताटातून येत नाहीत. सकाळी, दुपारी, रात्री वाटून घ्यावी लागतात.

नारळ आणि तेल

नारळ सोडा असे गोव्यातल्या माणसाला सांगू नये. तो सोडवत नाही, आणि सोडायची गरजही नाही. पण मोजायची गरज आहे.

मी अर्धा नारळ किसून तोलला, तो १५० ग्रॅम भरला. खोबऱ्याच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० उष्मांक धरले, तर अर्ध्या नारळाचे सव्वापाचशे झाले. चौघांच्या हुमणात तो गेला की प्रत्येकाच्या वाट्याला १३०, म्हणजे एका मोठ्या चपातीइतके. हे परवडते. परवडत नाही ते त्याच दिवशी हुमणात नारळ, भाजीवर नारळ, किस्मूरमध्ये (सुक्या सुंगटांच्या कोशिंबिरीत) नारळ आणि शेवटी पेलाभर सोलकढी. माझा नियम एवढाच की एका जेवणात नारळाचा एकच पदार्थ. ज्या दिवशी हुमण, त्या दिवशी भाजीवर खोबरे नाही, आणि सोलकढीऐवजी कोकमाचे तिवळ, साखर न घालता, जिरे आणि हिरवी मिरची ठेचून.

जिथे नारळ घालायचा तिथे तो सगळा वाटून घाला. खोबऱ्यात चोथा चांगला असतो. रस काढून चोथा फेकला की पोट भरणारा भाग जातो आणि चरबी तेवढी उरते.

तेलाचा हिशेब बाटलीवरून करा. चौघांच्या घरात महिन्याला दोन लिटर म्हणजे माणशी दिवसाला तीन छोटे चमचे. ते दोन लिटर वीस दिवसांत संपत असतील तर वजन कुठून येते ते तिथेच दिसते. कढईत बाटली उपडी करण्याऐवजी चमच्याने घाला. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० हून जास्त उष्मांक, आणि पोटाला त्याचा पत्ताही लागत नाही.

सकाळची पेज

पेजेवर माझा फार जीव आहे, म्हणून तिच्यातली उणीवही सांगायला हवी. पेज पोट झटकन भरते, कारण तिच्यात पाणी अन्नाशी एकजीव झालेले असते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात बार्बरा रोल्स यांनी १९९९ साली यावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. जेवणाआधी बायकांना एकच पदार्थ तीन प्रकारे दिला : नुसता, बाजूला पेलाभर पाणी देऊन, आणि तेच पाणी पदार्थात मिसळून सूप करून. सूप घेतलेल्या दिवशी पुढचे जेवण कमी गेले. पाणी बाजूला पिऊन मात्र तसा फरक पडला नाही. आपल्या शेतात राबणाऱ्या माणसांना सकाळी दहाची पेज का लागत असे, याचे निदान एक उत्तर यात आहे.

पण ती माणसे पेजेबरोबर सुके नुस्ते, कालची कडी, भाजी असे काहीतरी घेत. नुसती पेज आणि लोणच्याची फोड यात प्रथिने नावालाच असतात, आणि दीड-दोन तासांत पुन्हा पोटात कावळे ओरडायला लागतात. म्हणून मी पेज अशी करते.

दोघांसाठी अर्धी वाटी उकडे तांदूळ आणि पाव वाटी हिरवे मूग रात्री एकत्र भिजवायचे. सकाळी सहा-सात वाट्या पाणी घालून कुकरला लावायचे. पहिल्या शिट्टीनंतर आच मंद करून पंधरा मिनिटे. कुकर आपोआप निवू द्यायचा, शिट्टी उचलून वाफ काढली तर पेज उतू जाते. मग पळीच्या पाठीने चार-पाच दाणेच चेपायचे, सगळे घोटायचे नाहीत. पळी उचलल्यावर पाणी दाण्यांना धरून हळू खाली आले की दाटपणा जमला. मीठ घालायचे. कधी लसणीची एक पाकळी ठेचून, कधी आल्याचा तुकडा. सोबत एक उकडलेले अंडे, शिवराक (शाकाहारी) दिवशी ताजे दही किंवा केळफुलाची भाजी. पेज आणि अंडे मिळून अडीचशेच्या आत उष्मांक, आणि प्रथिने बारा ग्रॅम. मी आठला घेते आणि एकपर्यंत मला कशाची आठवण होत नाही.

तब्येतीला दोन अंडी चालत असतील तर दोन घ्या. सुक्या सुंगटांची किस्मूर चमचाभर चालेल, पण रक्तदाब असणाऱ्यांनी सुक्या नुस्त्यापासून लांबच राहावे, मीठ फार असते.

पेज आवडत नसेल तर नाचण्याची आंबील ताकातली. पोदेर (पाववाला) आला की पोई, म्हणजे कोंड्याचा गोल पाव घ्या, साधा पाव नको. मात्र पुष्कळ ठिकाणी पोई मैद्याचीच असते आणि कोंडा नुसता वरून लागलेला असतो. फोडून बघा. आत करडा-तपकिरी रंग आणि कोंड्याचे ठिपके दिसले तर ती खरी. तिच्यात अंड्याची भुर्जी किंवा मुगाची उसळ भरून एक पोई पुरते.

चार वाजता

दुपारचे ताट नीट लागले तर ही वेळ आपोआप सोपी होते. पण ऑफिसात चहाबरोबर बिस्किटांचा डबा फिरतोच, आणि घरी काजू असतात. काजू वाईट नाहीत, फक्त मूठ मोठी असते. दहा काजू म्हणजे नव्वदच्या आसपास उष्मांक. वाटीत दहा मोजून घ्या आणि डबा फडताळात वर ठेवून द्या.

बिस्किटे, खारी, चिप्स यांच्याबद्दल एक प्रयोग माझ्या मनात पक्का बसला आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० माणसांना आळीपाळीने दोन आठवडे कारखान्यातले अति प्रक्रिया केलेले अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. समोर ठेवलेल्या ताटांत उष्मांक, साखर, चरबी, चोथा सारखेच होते आणि हवे तेवढे खायची मुभा होती. प्रक्रिया केलेल्या अन्नावर माणसे दिवसाला ५०० च्या आसपास उष्मांक जास्त खात गेली आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन जवळजवळ किलोभर वाढले. साध्या अन्नावर तेवढेच उतरले. हा प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. तो वाचल्यावर बिस्किटांचा पुडा न आवरणे हा मला माणसाचा दोष वाटेनासा झाला.

पिशवीत घेऊन जायला उकडलेले चणे, पेरू, उकडलेले कणगे (रताळ्यासारखे कंद), पावसात तवशे (काकडी). पेरू बियांसकट खायचा. आंब्याच्या दिवसांत मानकुराद जरूर खा, पण एक, चिरून, चावून. आमरस करून प्यायले की तीन आंबे कधी संपले ते कळत नाही.

कॅफेत गेलातच, आणि गोव्यात जाणे होतेच, तर भाजीपावाला घाबरू नका. पातळ भाजी बहुधा वाटाण्याची किंवा आळसांद्यांची असते, ती पोट भरणारीच आहे. दोन वाट्या भाजी आणि एक पाव मागा, एक वाटी आणि तीन पाव नको. मिरची भजी शनिवारसाठी राखून ठेवा, एक प्लेट दोघांत.

रात्री, बाहेर आणि पेल्यात

रात्रीचे जेवण बंद करू नका. आठच्या आसपास हलके पण भरीव घ्या. खतखते याला फार चांगले. चार-पाच भाज्या, तूरडाळ, तिरफळाचा वास, वाटीभर खाल्ले की शीत आपोआप कमी लागते. नाहीतर मुगागाठी (नारळातली मुगाची उसळ), किंवा भाजी भरपूर घातलेले अंड्याचे ऑम्लेट आणि अर्धी पोई. ऑम्लेटवर नारळाच्या वाटणाचा रस ओतायचा असेल तर त्यातला नारळ वर सांगितल्याप्रमाणे मोजा.

बाहेर फिश थाळी घेताना आधीच सांगून ठेवा : शीत निम्मे आणा, भाजी दोनदा वाढा, मासा तवा-भाजलेला मिळेल का. माझ्या अनुभवात क्वचितच कुणी नाही म्हणते.

पेल्याबद्दल थोडक्यात. मद्यात ग्रॅमला ७ उष्मांक असतात, भाताच्या पिष्टापेक्षा जवळजवळ पावणेदोनपट, आणि पोट त्याने भरत नाही. बिअरची मोठी बाटली अडीचशेच्या पुढे जाते. उर्राकात (काजूच्या बोंडांच्या दारूत) लिंबूसोडा ओतला की वर साखरही येते. शिवाय दुसऱ्या पेल्यानंतर तळलेले किती खाल्ले याचा हिशेब राहत नाही. जे घेत नाहीत त्यांनी सुरू करू नये. जे घेतात त्यांनी घरी पोटभर जेवून मगच बसावे, आणि आठवड्यातून किती वेळा बसायचे ते आधी ठरवावे.

मासेमारीबंदी आणि श्रावण

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद. ताजे नुस्ते कमी, महाग. त्यालाच लागून श्रावण आणि चतुर्थी. वजन उतरवणाऱ्यांची घडी इथे विस्कटते, कारण नुस्ते गेले की त्याची जागा शीत, पापड आणि तळण घेते. मेच्या शेवटीच घरात आळसांदे, मूग, वाटाणे, कुळीथ भरून ठेवा. शिवराक दिवशी ताटात एक कडधान्य हवेच, आणि वरण हवे तर ते दाट. आदल्या रात्री भिजवायचे विसरत असाल तर रविवारी ही कडधान्ये शिजवून फ्रिजमध्ये डब्यांत ठेवा, तीन दिवस टिकतात. पावसाळ्यात किल्ल (बांबूचे कोंब), तायखिळा, अळू, कुवाळे (कोहळा) स्वस्त असतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गावठी भाजी घेऊन बसलेल्या बायकांकडे हे सगळे एका फेरीत मिळते.

चतुर्थीच्या नेवऱ्या (करंज्या) आणि मोदक जेवणानंतर खा, जेवणाऐवजी नको. दोन खा, मनापासून खा. दीड दिवसाने कुणाचे वजन वाढत नाही. डब्यात उरलेल्या नेवऱ्या पुढचे पंधरा दिवस चहाबरोबर येत राहतात, वजन त्यांनी वाढते. त्या शेजारी-पाजारी देऊन टाका.

काटा केव्हा बघायचा

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, काही न खाता. पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर त्यात पाणी बरेच असते, हुरळून जाऊ नका. पुढे आठवड्याला अर्धा किलो हा चांगला वेग. त्याहून फार घाई केली तर स्नायू झिजतात, केस गळतात, पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. कमरेला टेपही लावा, बेंबीच्या पातळीवर, श्वास न ओढता. आपल्या लोकांसाठी बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांची ९० च्या आत असावी, आणि बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २३ च्या आत. एकूण वजनाच्या पाच-दहा टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखरेत फरक दिसू शकतो. म्हणून ऐंशी किलोच्या माणसाने साठचा ध्यास धरण्याऐवजी आधी शहात्तरचे बघावे.

माझे सहा किलो आठ महिन्यांत उतरले. तिसऱ्या महिन्यापासून काटा पाच आठवडे हललाच नाही. शीत तेवढेच, आळसांदे तेवढेच. मी पुन्हा चार दिवस वही काढली, यावेळी तेलाची बाटली आणि नारळही लिहिला. घरी पाहुणे येऊन गेल्यापासून भाजीत चमच्याऐवजी पुन्हा पळीने तेल पडू लागले होते, आणि सोलकढी रोजची झाली होती. चमचा पुन्हा तेलाच्या बाटलीशी बांधून ठेवला. सहाव्या आठवड्यात चारशे ग्रॅम उतरले.